मांजर परीक्षेला बसतं तेव्हा

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न उंदरांच्या सभेत आजवर सुटलेला नाही. इंग्लंडमध्ये मात्र वर्षातल्या बऱ्याचशा शनिवारी कुठल्या तरी गावच्या क्रीडासंकुलात भल्या सकाळी पुष्कळ माणसं याच कामात गुंतलेली दिसतात. घंटा नसते, नंबराचा बिल्ला असतो, पांढऱ्या रिबिनीत ओवलेला. बिल्ला बांधला की मांजर तो आधी मागच्या पायाने काढायला बघतं, मग दातांनी ओढतं, आणि शेवटी रिबीन खालच्या जबड्यात अडकवून घेऊन मालकाकडे असं बघतं की जणू हा सगळा त्याचाच गाढवपणा. जे खरंच आहे.

हा कॅट शो. वंशावळीच्या, म्हणजे चार-पाच पिढ्यांची कागदोपत्री नोंद असलेल्या जातिवंत मांजरांची स्पर्धा. हॉलमध्ये टेबलांच्या लांबच लांब रांगा, त्यांवर जाळीचे पिंजरे, आणि प्रत्येक पिंजऱ्यात सगळं पांढरं. पांढरी घोंगडी, मातीचा पांढरा ट्रे, पाण्याचं पांढरं भांडं. नवख्या माणसाला वाटतं, स्वच्छतेसाठी असेल. खरं कारण वेगळं आहे. ब्रिटनमधली मांजरांची मुख्य संस्था म्हणजे १९१० साली स्थापन झालेली ‘गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी’, थोडक्यात जीसीसीएफ. फॅन्सी म्हणजे इथे नखरा नव्हे, छंद. या संस्थेच्या स्पर्धेत परीक्षकाला मांजर कोणाचं आहे हे कळता कामा नये. निळी शाल किंवा नक्षीचं भांडं दिसलं की ‘हां, हे तर अमक्या बाईंचं’ असा संशय येणार. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर जसा फक्त बैठक क्रमांक, तसाच इथे फक्त बिल्ला. खेळणं ठेवायचं नाही, नावाची पाटी लावायची नाही. अर्थात मांजरवाल्यांचं जग लहान असतं. जिने वीस वर्षं सयामी मांजरं पाहिली आहेत तिला घोंगडी पांढरी असली तरी कान ओळखू येतात. पण नियम तो नियम.

पिंजऱ्यापर्यंत पोचण्याआधी एक चौकी लागते. दारातच पशुवैद्य बसलेले असतात. ते लसीकरणाचा दाखला बघतात, डोळे, कान, हिरड्या तपासतात, केस उलटे फिरवून पिसवा आहेत का पाहतात, नखं कापलेली आहेत का ते बघतात. डोळ्याला पाणी, नाकाला शेंबूड किंवा कानात किडीची काळी घाण दिसली, तर मांजर आत जात नाही. मग पहाटे चारला उठून दोनशे किलोमीटर गाडी हाकलेली असो की आणखी काही. जिथे शेकडो मांजरं एका छपराखाली येतात तिथे सर्दीचे विषाणू आणि गजकर्णाची बुरशी पसरायला वेळ लागत नाही, आणि मांजरांचा पॅनल्युकोपेनिया तर पिल्लांचा अख्खा वेत संपवू शकतो. नर बोक्यांची आणखी एक तपासणी असते. प्रौढ, खच्ची न केलेल्या बोक्याचे दोन्ही वृषण जागच्या जागी आहेत असा पशुवैद्याचा दाखला संस्थेकडे द्यावा लागतो. आपल्याकडे बैलबाजारात जे चारचौघांत पाहिलं जातं, ते इथे कागदावर.

सकाळी दहाच्या सुमाराला घोषणा होते आणि मालक मंडळींना हॉलबाहेर काढलं जातं. आत उरतात परीक्षक, त्यांचे मदतनीस आणि मांजरं. परीक्षक पांढरा कोट घालून, एक चाकांचं टेबल ढकलत पिंजऱ्यापिंजऱ्याशी जातात. मदतनीस मांजर बाहेर काढतो आणि टेबलावर धरतो. परीक्षक आधी हातांना जंतुनाशक लावतात. मग एक हात छातीखाली, दुसरा पाठीवरून शेपटीच्या टोकापर्यंत. शेपटीतला मणका कुठे वाकडा असेल तर तो डोळ्याला दिसत नाही, बोटांना लागतो. जबडा बाजूने पाहतात, हनुवटी बोटाने चाचपतात, दात एकमेकांवर नीट बसतात का बघतात, केस फुंकर मारून विलग करतात आणि मुळाशी रंग कोणता आहे ते तपासतात. चंदेरी मांजराच्या केसाचं मूळ पांढरं हवं. तिथे तपकिरी झाक दिसली की गुण गेले. वहीत दोन ओळी लिहिल्या की मांजर परत पिंजऱ्यात. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. यासाठी आठ महिने तयारी झालेली असते.

ही तयारी कशाची? बघणाऱ्याला वाटतं रूपाची. पण ज्यांनी बरीच वर्षं मांजरं नेली आहेत त्यांना विचारलं तर ते आंघोळीबद्दल नंतर बोलतात. आधी बोलतात ते हातांबद्दल. अनोळखी माणसाने अनोळखी जागी उचललं तर मांजर शांत राहील का, यावर सगळं अवलंबून असतं. कुत्र्याला शिकवता येतं, कारण कुत्र्याला तुम्ही खूश झालेले आवडता. मांजराला त्याचं काही सोयरसुतक नसतं. ते फक्त सवयीला मान देतं, आणि ती सवय फार लवकर लावावी लागते. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाच्या हाताची जी ओळख होते ती जन्मभर पुरते. त्या काळात हात लागला नाही तर पुढे कितीही लाड केले तरी बुजरेपणा पूर्ण जात नाही. म्हणजे विकत घेणाऱ्याच्या घरी पिल्लू येण्याआधीच अर्धा निकाल लागलेला असतो, आणि तो लावलेला असतो ज्या घरात ते जन्मलं त्या घरातल्या पोराबाळांनी.

उरलेला अर्धा घरी होतो. ड्रॉइंगरूमच्या कोपऱ्यात पिंजरा मांडून त्यात पिल्लाला जेवायला घालायचं, म्हणजे पिंजरा ही शिक्षा वाटत नाही. रोज एकदा टेबलावर उभं करून दात बघायचे, कान बघायचे, शेपटी चाचपायची, आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याने मांजर एकदा उचलून घेतलंच पाहिजे, असा काही घरांत दंडकच असतो. हेअर ड्रायर आधी दुसऱ्या खोलीत चालू ठेवायचा, मग दारात, मग जवळ. गाडीतून उगाचच चक्कर मारून आणायची. सयामीसारखी लांबुडकी मांजरं परीक्षक हातावर आडवी ताणून धरतात, तर मेन कूनसारखं सात-आठ किलोचं धूड दोन्ही हातांनी पोटाखालून उचलावं लागतं. घरी तसंच उचलायची सवय हवी. परीक्षकाला चावलं तर मांजराचा त्या दिवसाचा खेळ खलास, रूप कितीही देखणं असो.

रूपाचं मोजमाप मात्र चांगलंच काटेकोर असतं. प्रत्येक जातीचं एक मानक लिहून ठेवलेलं असतं आणि त्याला शंभर गुण. अमेरिकेतल्या ‘कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन’ या १९०६ पासूनच्या संस्थेचं, म्हणजे सीएफएचं मानक घेतलं तर पर्शियन मांजराच्या डोक्याला ३० गुण आहेत (डोळ्यांचा आकार त्यातच), अंगकाठीला २०, रंगाला २०, केसांना १०, डोळ्यांच्या रंगाला १०, आणि उरलेले दहा समतोल व नजाकतीला निम्मे निम्मे. त्याच संस्थेत सयामीचं गणित उलटं. डोक्याला २० आणि शरीराला ३०, रंगाला ३०. पर्शियन म्हणजे चेहरा. सयामी म्हणजे रेषा. लोक म्हणतात, ‘केसांचा केवढा गोळा आहे, हाच जिंकणार’. पण ज्या केसांवर लोक भाळतात त्यांना पर्शियनच्या शंभरात दहाच गुण, हे पहिल्यांदा ऐकलं की कोणीही चमकतो.

अर्थात त्या दहा गुणांसाठी घाम गाळावा लागत नाही असं नाही. पर्शियनची आंघोळ हा अर्ध्या दिवसाचा उद्योग असतो, आणि तो स्पर्धेच्या एक-दोन दिवस आधी. आधी कंगवा, कारण गुंता असताना पाणी लावलं की त्याचा नमदा होतो आणि तो कातरावाच लागतो. मग तेलकटपणा काढायचा. यासाठी अमेरिकेत पूर्वापार वापरतात ती गॅरेजमधले मेकॅनिक हाताचं ग्रीस काढायला घेतात ती मलमासारखी पेस्ट. ऐकायला विचित्र वाटतं, पण कानामागे आणि शेपटीच्या मुळाशी साचणारं चरबीचं पुटही ग्रीसचंच भावंड आहे. बोक्यांमध्ये तर शेपटीच्या मुळाशी ग्रंथींचा स्राव इतका येतो की तिथले केस चिकट, पिवळसर होतात. पेस्टनंतर शाम्पू, बरेचदा दोनदा, आणि मग पाणी, पाणी, पाणी. शाम्पूचा अंश राहिला तर वाळल्यावर केस चप्प बसतात, फुलत नाहीत. कित्येकजण शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालतात. मग सुकवणं. एका हातात ड्रायर, दुसऱ्यात धातूचा कंगवा, आणि केसांची एकेक बट मुळापासून उलटी विंचरत वाळवायची. बाहेरून कोरडं वाटलं आणि आतला थर दमट राहिला की दुसऱ्या दिवशी तिथे कुरळा पडतो. चेहऱ्यावरचे डोळ्यांच्या पाण्याचे तपकिरी ओघळ तर रोजच पुसायचे, कारण एका आंघोळीत ते जात नाहीत. केस सुटे राहावेत म्हणून काहीजण पावडरही लावतात. पण टेबलावर परीक्षकाच्या हाताला पावडर लागली तर पंचाईत. ती पुरती झटकून काढावी लागते.

आखूड केसांच्या मांजरांचं उलट. सयामीला ओल्या हाताने चोळून, मऊ कातड्याच्या फडक्याने पुसलं की चकाकी येते. ब्रिटिश शॉर्टहेअरचे दाट, उभे केस धुतले की मऊ पडतात, म्हणून त्याची आंघोळ काही दिवस आधीच उरकायची, म्हणजे स्पर्धेपर्यंत केसांना पुन्हा ताठपणा येतो. आणि ज्याला केसच नाहीत त्या स्फिंक्सला सगळ्यांत जास्त अंघोळी लागतात. त्वचेतलं तेल शोषून घ्यायला केस नसल्याने ते अंगावरच साचतं आणि पांढऱ्या घोंगडीवर डाग पडतात.

सयामीची आणखी एक गंमत. तिच्या अंगात रंग तयार करणारं जे एन्झाइम असतं ते उष्णतेत काम करत नाही. म्हणून पोटातली ऊब सोडून बाहेर येणारी पिल्लं पांढरीशुभ्र असतात आणि पुढे कान, तोंड, पाय, शेपटी हे थंड भाग काळवंडतात. थंड हवेत वाढलेली सयामी गडद होते, उष्ण हवेत फिकट राहते. यामुळे स्पर्धेचं मांजर असलं की पशुवैद्याला हात जोडून सांगावं लागतं, ‘डॉक्टर, शक्यतो केस भादरू नका’. कारण भादरलेली जागा काही काळ थंड राहते, तिथे नवे केस काळे उगवतात आणि पुढच्या मोसमापर्यंत मांजराच्या कुशीवर इस्त्रीचा डाग पडल्यासारखा चौकोन राहतो.

हे सगळं सुरू झालं ते मात्र जातिवंत मांजरांसाठी नव्हतंच. हॅरिसन वियर नावाचा एक चित्रकार होता. पशुपक्ष्यांची चित्रं काढणारा, पुस्तकं सजवणारा. मांजर म्हणजे उंदीर मारायला ठेवलेलं, लाथ खाणारं जनावर, या समजाचा त्याला राग होता. लोकांनी मांजराकडे एकदा नीट बघावं, एवढ्यासाठी त्याने लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १३ जुलै १८७१ रोजी मांजरांचं प्रदर्शन भरवलं. त्या वेळी तो ४७ वर्षांचा होता. वर्ग कसे पाडायचे, गुण कशाला द्यायचे, बक्षिसं किती, हे सगळं त्यानेच ठरवलं. तीन परीक्षकांतले दोन म्हणजे तो आणि त्याचा भाऊ जॉन जेनर वियर. आज असं कोणी केलं तर कोर्टात खेचतील. आगगाडीने तिकडे जाताना त्याच्या मनात धाकधूक होती. शंभरावर मांजरं एका जागी कोंडली तर काय गोंधळ माजेल? रडतील, भांडतील, अन्न सोडतील? पुढे त्याने लिहून ठेवलं आहे की पोचल्यावर पाहतो तर मांजरं लाल गाद्यांवर सुस्त पहुडलेली, काही दूध पीत असलेली, आणि हॉलभर आवाज कसला तर घुरघुरण्याचा.

सुमारे १७० मांजरं होती. पर्शियन होती, तोवर इंग्लंडने जवळपास न पाहिलेली सयामी होती, ड्यूक ऑफ सदरलंडने पाठवलेलं स्कॉटलंडचं रानमांजरही होतं. बाकी बहुतेक इंग्लंडच्या गल्लीबोळातली साधी मांजरं, रंगांप्रमाणे वर्ग पाडून मांडलेली. वियरने कष्टकरी माणसांच्या मांजरांसाठीही एक वर्ग ठेवला होता. गर्दी एवढी लोटली की प्रदर्शनांची चटक लागली. १८८७ मध्ये नॅशनल कॅट क्लब निघाला आणि वियर त्याचा पहिला अध्यक्ष झाला. काही वर्षांतच त्याने पद सोडलं. त्याची तक्रार अशी की सभासदांना मांजरांपेक्षा पदकांत जास्त रस आहे. त्याच्या जागी आला लुई वेन, माणसांसारखे कपडे घालून चहा पिणारी मांजरं काढणारा चित्रकार. हा योगायोग कोणी कादंबरीत लिहिला असता तर संपादकाने ‘फार ओढून-ताणून वाटतं’ म्हणून खोडला असता.

अमेरिकेतलं पहिलं मोठं प्रदर्शन ८ मे १८९५ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालं, आणि ते भरवणारा जेम्स हाइड इंग्रजच. जिंकली कोझी नावाची तपकिरी पट्ट्यांची मेन कून, म्हणजे तिथल्या शेतघरांतली धट्टीकट्टी देशी मांजरच म्हणायची. तिला मिळालेला चांदीचा पट्टा अजून जपून ठेवला आहे.

पुढे अमेरिकेने ब्रिटिशांची पद्धत बाजूला सारून आपली वेगळी रीत पाडली. तिथे परीक्षक पिंजऱ्यांकडे जात नाही, मांजर परीक्षकाकडे येतं. एका हॉलमध्ये अनेक ‘रिंग’. प्रत्येक रिंगमध्ये एक टेबल, मागे पिंजऱ्यांची ओळ, समोर खुर्च्यांवर प्रेक्षक. लाउडस्पीकरवर नंबर पुकारला की मालक मांजर काखोटीला मारून धावतो आणि ठरल्या पिंजऱ्यात ठेवतो. सीएफएच्या रिंगमध्ये नंबराचा निळा कागद म्हणजे बोका, गुलाबी म्हणजे भाटी. दोन बोके शेजारी-शेजारी येऊ नयेत याची कारकुनाने काळजी घ्यायची. परीक्षक सगळ्यांसमोर मांजर हाताळतो, पिसाचं खेळणं नाचवून त्याला मान वर करायला लावतो, आणि बोलत राहतो. ‘ही हनुवटी बघा, हे कान बघा.’ एक रिंग म्हणजे एक स्वतंत्र स्पर्धा. त्यामुळे सकाळी एका रिंगमध्ये पहिलं आलेलं मांजर दुपारी शेजारच्या रिंगमध्ये पहिल्या दहातही नसतं, आणि दोन्ही परीक्षक आपापल्या जागी बरोबर असतात. मालकाला मात्र त्यांतला एकच बरोबर वाटतो.

रिबिनींचेही दोन धर्म आहेत. ब्रिटनमध्ये लाल म्हणजे पहिला आणि निळा म्हणजे दुसरा. अमेरिकेत निळा पहिला आणि लाल दुसरा. एका देशातून दुसऱ्या देशात फोटो गेला की अभिनंदनाऐवजी सांत्वन येतं.

ब्रिटनमध्ये ‘चॅम्पियन’ हा किताब मिळवायचा तर तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन सर्टिफिकेटं हवीत. वर्गात एकटंच मांजर असेल तर पहिला नंबर मिळू शकतो, पण सर्टिफिकेट मिळेलच असं नाही. मांजर त्या लायकीचं वाटलं नाही तर परीक्षक ते राखून ठेवतो, आणि वहीत का ते लिहितो. खच्ची केलेल्या मांजरांसाठी हीच शिडी ‘प्रीमियर’ या नावाने वेगळी आहे. ही सोय शहाणपणाची, कारण त्यामुळे पिल्लांचा व्याप न करता नुसती हौस म्हणून मांजर नेणाऱ्यालाही मान मिळतो. पिल्लांचा वर्ग १४ आठवड्यांपासून ९ महिन्यांपर्यंत. आणि रोख बक्षीस? साधारणपणे काहीच नाही. प्रवेश फी, पेट्रोल, लॉजचं भाडं, शाम्पू, हे सगळं खर्चून माणूस घरी आणतो तो सॅटिनचा एक झुपकेदार फुलोरा.

मानकांच्या मागे धावताना मांजराचं काय होतं, हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८७१च्या चित्रांतल्या पर्शियनला चांगलं ठसठशीत नाक आहे. शंभर वर्षांत डोक्याच्या गुणांनी ते नाक आत ढकलत नेलं, इतकं की काही मांजरांना श्वास घेताना त्रास होऊ लागला, अश्रुनलिका दबून डोळे वाहू लागले. शेवटी जीसीसीएफला नियम करावा लागला की नाकाची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेपेक्षा वर असेल तर बक्षीस नाही. स्कॉटिश फोल्डची गोष्ट त्याहून कडू. १९६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या कूपर अँगसजवळ विल्यम रॉस या मेंढपाळाला एका शेतावर दुमडलेल्या कानांची सूझी दिसली. घुबडासारखं ते गोल तोंड जगाला भलतंच आवडलं. पण ज्या जनुकामुळे कानाची कूर्चा दुमडते, तेच जनुक सांध्यांतली कूर्चाही बिघडवतं. जीसीसीएफने या जातीला थारा दिला नाही. अमेरिकेतल्या मोठ्या संस्थांमध्ये ती आजही स्पर्धेत उतरते, आणि इंटरनेटवर तिचे लाडीक फोटो फिरत राहतात. फोटोत ती ज्या ऐसपैस बैठकीत बसलेली दिसते, तशी ती काही वेळा सांधे दुखतात म्हणूनही बसते.

भारतात हा छंद अलीकडे मूळ धरतो आहे. मुंबई, बंगळूरसारख्या शहरांत ‘फीलाइन क्लब ऑफ इंडिया’च्या स्पर्धा भरतात. हा क्लब ‘वर्ल्ड कॅट फेडरेशन’ या जर्मनीतून चालणाऱ्या संस्थेशी संलग्न आहे, आणि परीक्षक परदेशातून येतात. पद्धत रिंगवाली. गर्दी मात्र आपल्या पद्धतीची. मांजर बघायला माणूस, माणूस बघायला मांजर, आणि सेल्फी. आपल्याकडची अडचण कागदांची आहे. घरोघरच्या बहुतेक ‘पर्शियन’ मांजरांना वंशावळीचा दाखलाच नसतो. दुकानात ती ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’, ‘पंच फेस’ अशा चढत्या भावाने विकली जातात. वर ‘ट्रिपल कोट’ची बढाई. हे सगळे दुकानदारी शब्द. मानकात ट्रिपल कोट नावाची चीज नाही. बिनकागदाच्या मांजरासाठी फेडरेशनच्या नियमांत नवख्यांचा वेगळा वर्ग आहे. परीक्षक मांजर बघून ते त्या जातीत बसतं का हे सांगतात, मग त्याच्या नावाने नोंद सुरू होऊ शकते. मानेखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात, तिच्यात १५ आकडी क्रमांक. वाद झालाच तर मशीन फिरवलं की मांजर स्वतःच आपली ओळख पटवून देतं.

दुसरी अडचण उकाड्याची. लांब केसांचं मांजर घेऊन मेच्या मुंबईत टॅक्सीने निघालेल्या माणसाचं निम्मं लक्ष एसीकडे आणि निम्मं मांजराच्या उघड्या तोंडाकडे असतं. मांजर कुत्र्यासारखं धापा टाकू लागलं तर ते लाडाचं लक्षण नव्हे, तापल्याचं आहे. जाणकार मंडळी बास्केटमध्ये टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची पिशवी ठेवतात.

आणि याच भारतीय स्पर्धांमधून वियरला आवडली असती अशी एक गोष्ट घडली आहे. आपल्या ओसरीवरचं, मासळीबाजारातलं, रेल्वे कँटीनच्या दारातलं जे बारीक अंगाचं, लांब पायांचं, ठिपक्या-पट्ट्यांचं मांजर, त्याला फेडरेशनने ‘इंडीमाऊ’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. म्हणजे आता त्याचंही मानक आहे, त्याचेही गुण आहेत, आणि त्याच्या गळ्यातही चॅम्पियनची रिबीन पडू शकते. इतर देशांत जात नसलेल्या घरगुती मांजरांचा वर्ग असतो. तिथे मानक नसतं, प्रकृती, स्वच्छता आणि स्वभाव एवढंच बघतात, आणि ब्रिटनमध्ये या वर्गातल्या यशस्वी मांजराला ‘मास्टर कॅट’ म्हणवून घेता येतं. हॉलमध्ये सर्वांत जास्त हशा आणि टाळ्या बहुधा याच कोपऱ्यातून येतात. एखादं शेपूट तुटकं, एक कान फाटका, पण परीक्षकाच्या खांद्यावर चढून तिच्या चष्म्याला डोकं घासतं आणि पहिलं येतं. हातांची परीक्षा त्याने कुठल्याही तयारीशिवाय दिलेली असते.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला टेबलं मिटायला लागतात. पांढऱ्या घोंगड्या पिशवीत जातात. ज्याला काही मिळालं नाही तो परीक्षकाच्या वहीतली ‘कान अंमळ जवळ’ ही ओळ दहाव्यांदा वाचतो. ज्याला मिळालं तो रिबिनीची फुलं गाडीच्या मागच्या काचेत दिसतील अशी लावतो. घरी पोचल्यावर विजेत्याला लगेच इतर मांजरांत सोडायचं नाही, काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं, कारण हॉलमधून त्याने काय संसर्ग आणला असेल सांगता येत नाही. आणखी एक कारण आहे, ते पहिल्याच रात्री कळतं. खोलीचं दार चुकून उघडं राहतं. घरातली जुनी भाटी, जिच्याबरोबर हा बोका तीन वर्षं एकाच गादीवर झोपला आहे, ती सावकाश जवळ येते, वास घेते. त्याला शाम्पूचा वास येतो, जंतुनाशकाचा येतो, दीडशे परक्या मांजरांचा येतो. घरचा येत नाही. ती कान मागे पाडते, पाठीची कमान करते आणि दिवसभरातल्या सर्वोत्कृष्ट मांजरावर फिस्कारते.